हा धूर आला कुठून?

पंजाबात शेत पेटलं की ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला कळतं. कॅनडातल्या वणव्याचा धूर अमेरिकेत शिरतो, तोही जगाच्या डोळ्यांदेखत. मग इंदिरानगरच्या खिडकीतून घरात घुसणारा धूर कुणालाच कसा दिसत नाही?

जानेवारी संपत आला की बंगळूरच्या इंदिरानगरात पानगळ सुरू होते. हंड्रेड फीट रोड सोडून आतल्या कुठल्याही क्रॉस रोडला वळा, रेन ट्री आणि करंजाच्या झाडांखाली पानांचा नुसता खच पडलेला असतो. सकाळी पौरकार्मिक येतात. सफाई कामगारांना इथे असं म्हणतात. ते पानं झाडून ढीग लावतात. काही ढीग गाडीतून जातात, काही तिथेच राहतात. मग कुणीतरी, कधी एखादा वॉचमन, कधी खुद्द घरमालक, ढिगाला काडी लावून मोकळा होतो. पाच मिनिटांत धूर दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात हजर!

घरात दम्याचं माणूस असेल किंवा पाळण्यातलं मूल असेल, तर पुढचं सांगायला नको. खिडक्या धडाधड बंद होतात आणि तर्क सुरू होतात. ‘बांदीपूरला वणवा लागलाय म्हणे!’ ‘छे हो, बेळ्ळंदूरचं तळं पुन्हा पेटलं असेल.’ एवढ्यात मोबाइलवर कुणीतरी उपग्रहाचा नकाशा पाठवतं. त्यावर अख्ख्या दक्षिण भारताला गोवर उठावा तसे लाल ठिपके! झालं, सगळ्यांची खात्री पटते की धूर लांबून, कुठल्या तरी जंगलातून आलेला आहे.

तो नकाशा खोटा नसतो. पण तो वाचायचा कसा, हे ठाऊक नसेल तर फसगत ठरलेली. उपग्रहाला धूर कसा दिसतो, कुठला दिसतो आणि कुठला दिसत नाही, हे म्हणूनच एकदा नीट समजून घेऊ या.

आधी तो लाल ठिपका

लाल ठिपक्याचा अर्थ एवढाच की, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा त्या जागी उपग्रहाला फार जास्त उष्णता जाणवली. ती वणव्याची असेल, शेतात जाळलेल्या काडाची असेल, पोलादाच्या भट्टीचीही असेल. भर समुद्रात तेलविहिरींवर वायू जाळतात, तिथेही असा ठिपका उमटू शकतो. शिवाय नकाशा लहान केला तरी ठिपके त्या प्रमाणात लहान होत नाहीत. त्यामुळे मोबाइलच्या पडद्यावर देश पेटल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात एका ठिपक्यामागे दोन-चार एकरांचं शेत जळत असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा ठिपका आगीचा असतो, धुराचा नसतो. आग जागच्या जागी असते, धूर वाऱ्याबरोबर निघून जातो. तो कुठे गेला, हे शोधणं हे वेगळंच काम आहे.

शेजारीच जुळतात हे डोळे

इंदिरानगरकरांना फारसं ठाऊक नसतं, पण धूर पाहणारे आपले उपग्रह त्यांच्या शेजारीच तयार होतात. जुन्या विमानतळाच्या रस्त्यानं निघालं की डोमलूरच्या पुढे काही किलोमीटरवर विमानपुरा लागतं. ‘इस्रो’चं उपग्रह केंद्र तिथलंच. २०१८ पासून या केंद्राला प्रा. यू. आर. राव यांचं नाव आहे. कॅमेऱ्यासारखी यंत्रं अहमदाबादच्या केंद्रातून येतात, उपग्रहाची जुळणी बंगळूरात होते.

या घराण्यातला पहिला यशस्वी उपग्रह म्हणजे ‘इन्सॅट-१बी’. तो ऑगस्ट १९८३ मध्ये अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ यानातून अवकाशात गेला. दूरदर्शनवर हवामानाच्या बातम्यांत देशावरच्या ढगांचं करडं चित्र दाखवत, ते त्या काळी याच मालिकेतून आलेलं. इन्सॅट-१ प्रकल्पाची धुरा होती पुण्याच्या प्रमोद काळे यांच्याकडे. तो उपग्रह अमेरिकेत बांधून घेतला होता. पुढे १९९२ मध्ये ‘इन्सॅट-२ए’पासून आपण ते काम घरीच करायला लागलो.

त्याच कुळातला ‘इन्सॅट-३डी’ २६ जुलै २०१३ रोजी गेला, ‘३डीआर’ ८ सप्टेंबर २०१६ रोजी आणि ‘३डीएस’ १७ फेब्रुवारी २०२४ रोजी. विषुववृत्ताच्या वर ३६ हजार किलोमीटरवर हे उपग्रह पृथ्वीच्याच गतीनं फिरतात, म्हणून आपल्याला ते एका जागी टांगल्यासारखे असतात. खाली भारत कायम नजरेत! दर अर्ध्या तासाला एक चित्र. मुख्य काम पाऊस, ढग, वादळ यांचं. पण त्याच चित्रांतून धुकं, आग आणि धूरही वेगळा काढता येतो.

ढग कुठला, धूर कुठला?

वरून पाहिलं तर दोन्ही पांढुरकेच. मग ओळखायचं कसं? इथे युक्ती आहे. उपग्रहाचा कॅमेरा एकाच वेळी वेगवेगळ्या किरणांत चित्रं घेतो. साध्या प्रकाशातल्या चित्रात ढग पांढरा दिसतो, धूर जरा निळसर-राखाडी. लगेच उष्णतेच्या किरणांतलं चित्र पाहायचं. ढग उंचावर आणि थंड असतो, म्हणून तिथेही तो ठळक उठून दिसतो. धुराचे कण मात्र इतके बारीक, की उष्णतेचे किरण त्यांच्यामधून बहुतेक आरपार जातात. म्हणजे पहिल्या चित्रात दिसला आणि दुसऱ्यात जवळजवळ गायब झाला, तो धूर! साधीच रीत, पण भरवशाची.

आगीसाठी आणखी एक खिडकी आहे. सुमारे चार मायक्रॉन लांबीच्या किरणांत पेटलेली वस्तू प्रचंड चमकते. अंधाऱ्या खोलीत उदबत्तीचं टोक जसं लांबून दिसतं, तसंच. म्हणून रात्रीही आग सापडते. साध्या प्रकाशातलं धुराचं चित्र मात्र दिवसाच मिळतं.

एकाच आठवड्यातल्या दोन आगी

फेब्रुवारी २०१९. बंगळूरच्या नैर्ऋत्येला असलेल्या बांदीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात २१ तारखेला मोठा वणवा भडकला. जंगलात घाणेरी माजलेली, गवत कोळ पडलेलं. वाऱ्यानं आग टेकड्यांवरून धावत सुटली. वनरक्षक आणि गावकरी हिरव्या फांद्यांनी आग झोडपत होते. शेवटी २५ तारखेला हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी पाणी टाकायला सुरुवात केली. १० हजार एकरांहून जास्त जंगल जळालं. किती जळालं, कुठे जळालं, याचं मोजमाप उपग्रहाच्या चित्रांवरून झालं. जळकी जमीन वरून काळी दिसते, आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवलं की हिशेब लागतो.

त्याच आठवड्यात, २३ तारखेला, बंगळूरच्या येलहंका तळावर विमानांचं प्रदर्शन भरलं होतं. प्रेक्षकांच्या गाड्या ज्या मैदानात उभ्या होत्या तिथलं वाळलं गवत पेटलं आणि सुमारे ३०० मोटारींचा कोळसा झाला. काळ्याकुट्ट धुराचा लोट शहरात लांबून दिसत होता.

आता समजा, त्या दिवसांत इंदिरानगरात कुणाला धुराचा वास आला असता, तर बोट कुठे दाखवायचं? उत्तर वाऱ्याकडे असतं. बांदीपूरचा धूर बंगळूरला यायचा तर वारा नैर्ऋत्येकडून हवा. फेब्रुवारीत दक्षिणेत वारा बहुतेकदा पूर्वेच्या बाजूचा असतो. म्हणजे बांदीपूरचा धूर जास्त करून केरळकडे जायचा. येलहंका तर शहराच्या उत्तरेलाच. त्या धुराला इकडे यायला नुसता उत्तरेचा वारा पुरे. आग किती मोठी आहे, यापेक्षा आग आणि आपलं घर यांच्यामधून वारा कुठल्या दिशेनं वाहतो, याला जास्त किंमत असते.

जंगलातली आग लवकर कळावी म्हणून डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहाच्या आधारे सूचना पाठवते आहे. आता या सूचना थेट मोबाइलवर जातात आणि नाव नोंदवलं तर सामान्य नागरिकालाही मिळतात. आपल्याकडे गडचिरोली, मेळघाटात मोहफुलं वेचायच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि कधी कधी ती आग हाताबाहेर जाते. अशा वेळी वनरक्षकाच्या मोबाइलवर आलेला एक संदेश जाळरेषा राखायला धावणाऱ्या माणसांचे मोलाचे तास वाचवतो.

दुपारी दीडचा पाहुणा

स्थिर उपग्रह कायम पाहतो, पण फार लांबून. म्हणून त्याला बारीक दिसत नाही. बारीक दिसायला दुसरी जात आहे. हे उपग्रह सातशे-आठशे किलोमीटरवरून ध्रुवाकडून ध्रुवाकडे धावतात. अमेरिकेचे अ‍ॅक्वा, सुओमी एनपीपी हे त्यातले. सुओमीवरच्या यंत्राला ३७५ मीटरचा ठिपका वेगळा दिसतो. पण तो गावावरून जातो दिवसातून दोनदाच, दुपारी दीडच्या सुमारास आणि रात्री दीडच्या सुमारास. पोस्टमनची वेळ ठरलेली असावी, तसं!

आणि वेळ ठरलेली असली की ती चुकवताही येते.

पंजाबात भात कापल्यावर शेतात उरलेलं काड जाळतात. गव्हाच्या पेरणीला हातात जेमतेम दोन-तीन आठवडे असतात, आणि काड काढायला मजूर, यंत्र दोन्ही महाग. दर वर्षी उपग्रहाच्या मदतीनं या आगी मोजल्या जातात. सरकारी मोजणीत २०२१ च्या हंगामात पंजाबात ७१,३०४ आगी होत्या. २०२४ मध्ये त्या १०,९०९ वर आल्या. केवढी सुधारणा! पण दिल्लीचा खोकला काही त्या प्रमाणात कमी झाला नाही.

‘नासा’च्या गोडार्ड केंद्रातले संशोधक हिरेन जेठवा यांनी मग दुसरीकडून पडताळा घेतला. दक्षिण कोरियाचा एक स्थिर उपग्रह दर दहा मिनिटांनी चित्र घेतो. त्यात दिसलं की दुपारी दीडचा पाहुणा निघून गेल्यावर, उतरत्या दुपारी पंजाबवर धुराचे लोट उठताहेत! हवेतल्या कणांचं एकूण प्रमाणही आगींच्या आकड्याइतकं घटलेलं नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं स्थिर उपग्रहांकडून माहिती घ्यायला सांगितलं.

यातून शिकायचं काय? आग लपवता येते, धूर लपवता येत नाही. आगीचे ठिपके मोजून समाधान मानणाऱ्यानं त्याच दिवसाचा धुराचा नकाशाही पाहावा.

क्वेबेकचा वणवा, न्यूजर्सीची खिडकी

धूर किती लांब जातो? साधा हिशेब करा. ताशी दहा किलोमीटरचा मंद वारा घेतला तरी दिवसभरात २४० किलोमीटर झाले. उंचावरचा वारा याच्या कितीतरी पट जोरात वाहतो.

जून २०२३ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातले वणवे भडकले. वारा उत्तरेकडून वाहत होता. ७ जूनला न्यूयॉर्कचं आकाश भरदुपारी नारिंगी झालं. हवेचा निर्देशांक ४०० च्या वर गेला. तिथे ५० पर्यंतचा आकडा चांगला समजतात, यावरून कल्पना करा! ला गार्डिया विमानतळावर येणारी विमानं काही काळ थांबवावी लागली. शेजारच्या न्यूजर्सीत मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. टीव्हीवर ते आकाश पाहून पुण्या-मुंबईतल्या आईबापांच्या जिवाची काय घालमेल झाली असेल, ते सांगायला नको. त्या वर्षी कॅनडात दीड कोटी हेक्टरांहून जास्त क्षेत्र जळालं. जवळजवळ निम्म्या महाराष्ट्राएवढं!

पण तिथल्या लोकांजवळ एक गोष्ट होती. उपग्रहानं धुराचा पट्टा सरकताना दाखवला होता. त्यावरून मास्क कधी लावायचा, मुलांचे खेळ कधी रद्द करायचे, हे ठरवता आलं.

त्याआधी ऑस्ट्रेलियात २०१९ च्या अखेरीला लागलेल्या वणव्यांनी तर कमाल केली. त्यांचा धूर न्यूझीलंडवरून, प्रशांत महासागर ओलांडून जानेवारी २०२० मध्ये दक्षिण अमेरिकेवर पोचला आणि पुढे पृथ्वीला फेरी घालून आला. उपग्रहांनी त्याचा टप्प्याटप्प्यानं माग काढला. आग फार मोठी असली की तिच्या उष्णतेनं धूर विमानांच्याही वर फेकला जातो आणि तिथे तो आठवडेच्या आठवडे तरंगतो.

वरचा धूर, खालचा धूर

इथेच उपग्रहाची मेख आहे. तो वरून पाहतो. त्याला जमिनीपासून आकाशापर्यंतचा सगळा धूर एकावर एक पडलेला दिसतो. त्यातला किती तीन किलोमीटरवर आहे आणि किती आपल्या नाकाजवळ, हे नुसत्या चित्रावरून कळत नाही. नकाशावर गावावर दाट धूर दिसावा आणि गावात मात्र सूर्य जरा लालसर दिसण्यापलीकडे काहीच जाणवू नये, असं होतं. उलटही होतं.

म्हणून चित्राला दोन गोष्टींची जोड लागते. एक म्हणजे जमिनीवरची हवा मोजणारी यंत्रं. दुसरी म्हणजे वाऱ्याचं गणित. संगणकात वारा, उंची, तापमान भरायचं आणि धूर पुढे कुठे जाईल ते काढायचं. हेच गणित उलटंही चालवता येतं. आज माझ्या गावात असलेली हवा काल कुठे होती, परवा कुठे होती, असं मागे मागे जायचं. चोराच्या पावलांचा माग काढत जावं, तसं.

या गणितात आपल्या पुण्याचं नाव मोठं आहे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्तानं २०१० मध्ये दिल्लीत ‘सफर’ ही हवेची पूर्वसूचना देणारी व्यवस्था सुरू केली. पुढे ती पुण्यात, मुंबईत आली. दिल्लीच्या हवेत काडाच्या धुराचा वाटा किती, हे सांगणारं गणितही याच संस्थेचं. तो वाटा एखाद्या दिवशी एक तृतीयांशावर जातो आणि वारा फिरला की दोन-चार टक्क्यांवर येतो. शेतं तीच, आगी त्याच. फरक नुसता वाऱ्याचा.

एका ठिपक्यात अख्खं इंदिरानगर

आता परत येऊ आपल्या क्रॉस रोडवर. तो पानांचा ढीग या डोळ्यांना दिसतो का?

इन्सॅटच्या आग शोधणाऱ्या चित्रात एक ठिपका जमिनीवर सुमारे चार किलोमीटर लांब आणि चार किलोमीटर रुंद असतो. म्हणजे जवळजवळ चार हजार एकर! इंदिरानगर, डोमलूर, हलसूर असं सगळं मिळून एका ठिपक्यात मावेल. बेळ्ळंदूरचं प्रसिद्ध तळं सुमारे ९०० एकरांचं. ते ठिपक्याच्या पाव भागात बसलं. सुओमीचा ठिपकाही ३५ एकरांचा आहे. आग धगधगती असेल तर ठिपक्यापेक्षा पुष्कळ लहान असूनही ती पकडली जाते, हे खरं. पण चार फुटांचा पानांचा ढीग? तोही झाडाच्या छत्रीखाली, ज्वाळा न काढता नुसता धुमसणारा? शक्यच नाही.

आणि गंमत अशी की, असा धुमसणारा धूरच आपल्याला जास्त जवळचा. मोठा वणवा आपला बराचसा धूर उंच फेकतो. ढिगाच्या आगीत तेवढी ताकद नसते, तिचा धूर गल्लीतच लोळतो. त्यात थंडीतल्या सकाळी जमिनीजवळची हवा गार आणि जड असते, वर उबदार हवेचं झाकण बसलेलं असतं. दुपारी जो धूर वर निघून जाईल, तोच सकाळी सातला मुलं शाळेला निघतात तेव्हा बरोब्बर त्यांच्या उंचीवर तरंगतो.

जमिनीवरच्या यंत्रांनाही हा धूर नीट सापडत नाही. शहरात ती ठरावीक जागी बसवलेली असतात. शिवाय आपल्याकडचा धूलिकणांचा निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर काढतात. सकाळचा एक तास गल्लीत डोळे चुरचुरले, तरी दिवसाच्या सरासरीत ते बुडून जातं. आकडा म्हणतो ‘समाधानकारक’, आणि आजी इनहेलर शोधतेय!

बंगळूरला याचा धडा मोठ्या प्रमाणावर मिळालेला आहे. बेळ्ळंदूरच्या तळ्यात शहराचं सांडपाणी वर्षानुवर्षं जात राहिलं. मे २०१५ मध्ये त्याचा फेस पेटला. फेब्रुवारी २०१७ मध्ये तळ्यातला कचरा आणि वाळलेलं गवत पेटलं आणि परिसर धुरानं भरला. १९ जानेवारी २०१८ रोजी पुन्हा आग लागली, तेव्हा लष्कराच्या जवानांना उतरावं लागलं. त्या आगींची बातमी पहिल्यांदा दिली ती आजूबाजूच्या गच्चीवरून पाहणाऱ्या माणसांनी. राष्ट्रीय हरित लवादानं प्रकरण हातात घेतलं, तेही त्या बातम्यांमुळेच.

याच शहरातल्या अल्मित्रा पटेल या अभियंता बाईंनी कचऱ्याच्या प्रश्नावर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. पुढे तो हरित लवादाकडे गेला आणि २२ डिसेंबर २०१६ रोजी लवादानं देशभर उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली. साधा कचरा जाळला तर ५ हजार रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५ हजार रुपये दंड. वीस वर्षं एका बाईनं पाठपुरावा केला, तेव्हा हे हाती आलं. दंड वसूल करायला मात्र कुणीतरी ढीग जळताना पाहायला हवा, आणि तक्रार करायला हवी. हे काम विमानपुऱ्यात बनलेला कुठलाही उपग्रह करणार नाही.

घरात काय कराल?

धुराचा वास आला तर आधी गच्चीवर किंवा बाल्कनीत जा. वास एकाच बाजूनं, झुळकेझुळकेनं येतोय का? मग धूर जवळचा आहे. सगळीकडे सारखं पांढुरकं, लांबच्या इमारती पुसट, सूर्य तांबूस असेल, तर तो लांबून आलेला असू शकतो. तेव्हा उपग्रहाचा नकाशा पाहा. ‘नासा’चा आगींचा नकाशा इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येतो, आणि चित्र घेतल्यावर साधारण तीन तासांत तो ताजा होतो. ठिपके दिसले की लगेच वाऱ्याची दिशा पाहा. वारा तिकडून इकडे वाहत नसेल, तर त्या ठिपक्यांना दोष देऊ नका.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या अ‍ॅपवर जवळच्या केंद्राचा आकडा मिळतो. पण आकडा चांगला आणि घरात खोकला सुरू, असं असेल तर खोकल्यावर विश्वास ठेवा.

धूर लांबचा आणि दाट असेल, तर खिडक्या बंद ठेवा, एका खोलीत तरी हवा स्वच्छ राहील असं पाहा. खिडक्या लावून घेऊन आत उदबत्ती, धूप, डासांची कॉइल लावू नका. बाहेरचा धूर अडवला आणि आतला कोंडला, असं व्हायचं! फोडणी-तळण त्या दिवशी कमी करा. ओल्या रुमालानं वास थोडा कमी होतो, बारीक कण अडत नाहीत. बाहेर जावंच लागलं तर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरा. धुरातले अडीच मायक्रॉनहून लहान कण केसाच्या जाडीच्या मानानं पंचवीस-तीस पट बारीक असतात, ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. दम्याच्या माणसानं औषध हाताशी ठेवावं, आणि धाप लागली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टर गाठावा.

धूर जवळचा असेल तर उपाय आणखी सोपा आहे. खाली उतरा, ढिगावर दोन बादल्या पाणी ओता. वॉचमनला ओरडू नका, त्यानं ती पानं टाकायची कुठे, हे सोसायटीनं त्याला सांगितलेलंच नसतं. आवारात एका कोपऱ्यात जाळीचा पिंजरा करा, पानं त्यात भरा, अधूनमधून पाणी शिंपडा. पाच-सहा महिन्यांत काळंभोर पानखत तयार. ते कुंड्यांना घाला. रस्त्यावरचा ढीग दोन दिवस उचलला गेला नाही, तर तिसऱ्या दिवशी तो पेटणार हे गृहीत धरा आणि पहिल्याच दिवशी पालिकेला फोटोसकट तक्रार पाठवा. एकट्यानं पाठवण्यापेक्षा मजल्यावरच्या चौघींनी पाठवलेली बरी.

पंजाबच्या शेतकऱ्यावर ३६ हजार किलोमीटरवरून नजर ठेवायला आपण उपग्रह उडवले. त्याची अडचण खरी आहे, काड न्यायला त्याच्यापाशी पैसा नाही. आपल्या गल्लीतल्या ढिगाला मात्र असली कुठलीच सबब नाही. या फेब्रुवारीत पानं गळतील तेव्हा तुमच्या फाटकापाशी पिंजरा तयार असू दे, म्हणजे शेजारच्या आजीबाईंना इनहेलर शोधावा लागणार नाही.